उतारवयात प्रीबायोटिक फायबर आणि जीवनसत्त्वं: पोट, विसराळूपणा, उदासी. सुरुवात कुठून करायची?

देखभाल_दिवसरात्र विचारतात:

ज्यांच्याबद्दल विचारायचं आहे त्या आजी ७६ वर्षांच्या आहेत, वजन ५२ किलो, घरातल्या घरात चालत्या-फिरत्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन दहा वर्षांपासून, आम्लपित्ताची ओमेप्राझोल रोज सकाळी, थायरॉइडची गोळी, कॅल्शियमची गोळी आणि झोप लागावी म्हणून रात्री जुन्या प्रकारची अ‍ॅलर्जीची गोळी (ती घेतली की गुंगी येते, म्हणून).

तीन-चार दिवसांतून एकदा पोट साफ होतं, तेही कुंथून. गेल्या सहा-आठ महिन्यांत नावं चटकन आठवत नाहीत, कशात मन रमत नाही, दोन घास खाल्ले की पुरे म्हणतात.

इन्युलिनची पूड (हे प्रीबायोटिक फायबर, म्हणजे आतड्यातल्या चांगल्या जीवाणूंचं खाद्य ठरणारे तंतू) आणून ठेवली आहे, डब्यावर 'रोज १० ग्रॅम' लिहिलंय. ज्येष्ठांसाठीची मल्टीव्हिटॅमिनची गोळीही आहे. प्रश्न असे:

१. पूड थेट १० ग्रॅमनेच सुरू करावी का? की इसबगोल बरं?
२. मल्टीव्हिटॅमिनमध्ये बी१२ आणि डी आहेच, मग वेगळं काही लागतं का?
३. या सगळ्याचा या वयात मनावर, स्मरणावर खरंच परिणाम होतो का, की ती नुसती जाहिरात?

---

आहारवही:

१० ग्रॅमने सुरू करू नका. या एका चुकीपायी बरेच लोक पूड कायमची बंद करतात.

इन्युलिन लहान आतड्यात पचत नाही, ते जसंच्या तसं मोठ्या आतड्यात पोचतं. तिथले जीवाणू, विशेषतः बायफिडोबॅक्टेरियम, ते आंबवतात. त्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही लहान साखळीची मेदाम्लं तयार होतात, आणि वायूही. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन. म्हणजे वायू होणं हे काम चालू असल्याचंच लक्षण आहे, पण ज्या आतड्याला वर्षानुवर्षं तंतूंची सवय नाही तिथे एकदम १० ग्रॅम पडले की पोट नगाऱ्यासारखं होतं. त्यात मुळात मळ अडकलेला असेल तर वायूला वाट मिळत नाही आणि कळा येतात.

साखळीच्या लांबीनेही फरक पडतो. आखूड साखळीचं, म्हणजे ज्याला डब्यावर एफओएस किंवा ऑलिगोफ्रुक्टोज म्हणतात ते, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीलाच भराभर आंबतं. लांब साखळीचं इन्युलिन सावकाश आणि पुढपर्यंत आंबत जातं. पोट लवकर फुगत असेल तर घटकांच्या यादीत आधी हे बघा. सॉर्बिटॉल, माल्टिटॉल असली गोडी घातलेली पूड किंवा चघळायच्या गोळ्या असतील तर त्या वेगळाच गॅस करतात आणि दोष मात्र फायबरच्या माथी येतो.

मात्रा अशी वाढवा. पहिला आठवडा २ ग्रॅम, दिवसातून एकदाच, सकाळच्या किंवा दुपारच्या जेवणात कालवून. त्रास नसेल तर दुसऱ्या आठवड्यात ३ ते ४, तिसऱ्यात ५. तिथे महिनाभर थांबा. अजून गरज वाटली तर ७ ते ७.५ पर्यंत, दोन वेळांत वाटून. त्यापुढे जाण्याची या वयात सहसा गरज पडत नाही. 'एक चमचा' या मापावर विसंबू नका. पूड किती बारीक, चमचा शिगोशिग की सपाट, यावर एकाच चमच्यात दीडपट-दुप्पट फरक पडतो. स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर एकदा वजन करा आणि मग तोच चमचा त्या डब्यातच ठेवून द्या.

आता इसबगोल. इन्युलिन आणि इसबगोल या दोन वेगळ्या कामांच्या चिजा आहेत, लोक त्यांना सरसकट 'फायबर' म्हणून एका पारड्यात टाकतात. इसबगोल फारसं आंबत नाही. ते पाणी धरून ठेवतं, त्याचा गर होतो आणि मळ मऊ आणि भरीव राहतो. बद्धकोष्ठता हाच मुख्य त्रास असेल तर पुरावा इसबगोलच्या बाजूने जास्त भक्कम आहे, पण त्यालाही रोज साधारण १० ग्रॅमपर्यंत जावं लागतं आणि निदान चार आठवडे द्यावे लागतात. सुरुवात ३ ते ४ ग्रॅमने. प्रत्येक वेळी कमीत कमी २४० मिली पाणी, कालवल्या कालवल्या लगेच प्यायचं, आणि वर अर्धा पेला आणखी. कालवून ठेवलेलं इसबगोल पाचच मिनिटांत घट्ट लगदा होतं, आणि गिळण्याची ताकद कमी झालेल्या माणसाच्या घशात किंवा अन्ननलिकेत तो लगदा अडकू शकतो. पाणी पिताना ठसका लागतो का, घास अडकल्यासारखा वाटतो का, हे आधी पाहा. उत्तर 'हो' असेल तर इसबगोल नकोच. बसून घ्यायचं, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही.

माझं मत विचाराल तर आधी इसबगोल आणि अन्नातले तंतू, पोटाला घडी बसली की मग इन्युलिन. दोन्ही एकाच दिवशी सुरू केलं तर काय सोसलं आणि काय नाही, ते कळणारच नाही.

पण याहूनही आधी जेवणाचं बघा. '२५-३० ग्रॅम तंतू' हा आकडा सगळीकडे लिहिलेला असतो. साठी-सत्तरीच्या बायकांसाठी २१ ग्रॅमच्या आसपासचं उद्दिष्टही मान्य आहे, कारण एकूण आहारच कमी असतो. शिजलेल्या मसुराच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ८ ग्रॅम तंतू असतात, ४० ग्रॅम कोरड्या ओट्समध्ये ४, मध्यम केळ्यात ३, सालासकट सफरचंदात ४, दोन हिरव्या किवींत ४ ते ५. कवळी असेल तर साल काढू नका, किसून किंवा वाफवून द्या. कांदा-लसणीत इन्युलिन जातीचे तंतू मुळातच असतात. बटाटा किंवा भात शिजवून गार केला की त्यातल्या थोड्या स्टार्चची रचना बदलते आणि ते न पचता मोठ्या आतड्यात जातं, म्हणजे तेही प्रीबायोटिकसारखंच काम करतं. पुन्हा गरम केल्यावरही त्यातला काही भाग टिकतो. फक्त गार करायचं ते लगेच फ्रिजमध्ये ठेवून, ओट्यावर तासन् तास उघडं ठेवून नव्हे.

एक गोष्ट मात्र काळजीने सांगतो. आजींचं जेवण कमी झालंय, असं तुम्ही लिहिलंय. अशा माणसाला जेवणाआधी तंतूंची पूड दिली तर पोट भरल्यासारखं वाटतं आणि उरलेसुरले दोन घासही जातात. ५२ किलो वजनाला रोज निदान ५२ ते ६२ ग्रॅम प्रथिनं हवीत (मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा आकडा डॉक्टर ठरवतील). म्हणून ताटात पहिला मान प्रथिनांचा, पूड जेवणाच्या शेवटी. गेल्या सहा महिन्यांत वजन उतरलं असेल तर आधी त्याचं कारण शोधायला हवं.

---

औषधखिडकी:

आहारवही यांनी मात्रा नेमकी सांगितली आहे. मी गोळ्यांकडे वळतो, कारण तुमच्या यादीत बद्धकोष्ठतेचं आणि विसराळूपणाचं प्रत्येकी एकेक उत्तर समोरच पडलेलं आहे.

पहिलं म्हणजे रात्रीची गुंगीची अ‍ॅलर्जीची गोळी. जुन्या पिढीच्या या गोळ्या, डायफेनहायड्रामाइन, क्लोरफेनिरामिन वगैरे, अ‍ॅसिटिलकोलिन या संदेशवाहक रसायनाला अडवतात. त्याच रसायनावर आतड्यांची हालचाल चालते आणि मेंदूतली स्मरणाची यंत्रणाही. एका गोळीने दोन्ही ठिकाणी खीळ बसते. वयस्कर माणसात ही गोळी शरीरातून निघायलाही वेळ लावते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोकं जड राहतं. लघवीच्या घाईसाठी दिलं जाणारं ऑक्सिब्युटिनिन आणि जुनी अ‍ॅमिट्रिप्टिलिन याच गटात मोडतात. ही गोळी डॉक्टरांशी बोलून सोडवल्याशिवाय इन्युलिनने काय फरक पडला हे मोजायला जाणं म्हणजे हँडब्रेक लावून गाडीचं अ‍ॅव्हरेज काढणं.

दुसरं, कॅल्शियम. तेही मळ घट्ट करतं. लोहाची गोळी, कोडीनसारखी वेदनाशामकं आणि रक्तदाबाचं व्हेरापामिल हेही त्याच रांगेतले. ट्रामाडोल, मॉर्फिन अशा तीव्र वेदनाशामकांमुळे झालेल्या बद्धकोष्ठतेत इसबगोल देऊ नये. तिथे आतड्याची हालचालच मंद झालेली असते, मळाचं आकारमान वाढवून उलट कोंडी होते.

तिसरं, मेटफॉर्मिन आणि ओमेप्राझोल. दोन्ही बी१२ कमी करतात, पण वाटा वेगळ्या. अन्नातलं बी१२ प्रथिनांना चिकटलेलं असतं आणि ते सुटायला जठरातलं आम्ल लागतं. ओमेप्राझोलने आम्ल कमी होतं, म्हणून अन्नातलं बी१२ सुटतच नाही. मेटफॉर्मिन त्यापुढे, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, शोषणात अडथळा आणतं. वयामुळे जठराचं अस्तर पातळ झालेलं असेल तर ते तिसरं कारण. दहा वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे आणि बी१२ कधी तपासलेलं नाही, असं असेल तर ही तपासणी पुडीच्या आधी.

वेळांचं गणित असं ठेवा. थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी, पाण्याबरोबर, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी. कॅल्शियम, लोह आणि खनिजं असलेली मल्टीव्हिटॅमिन त्यानंतर निदान चार तासांनी, म्हणजे दुपारच्या जेवणाबरोबर. इसबगोलही थायरॉइडच्या गोळीपासून चार तास आणि बाकी गोळ्यांपासून निदान दोन तास लांब. मला सोयीची वाटते ती वेळ दुपारी चार-साडेचार. तेव्हा पोटात औषध नसतं, माणूस बसलेला असतो आणि झोपायला अवकाश असतो. लिथियम किंवा डिगॉक्सिन चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता इसबगोल सुरू करू नका, शोषण कमी होऊन रक्तातली मात्रा हलते.

पाण्याबद्दल एक सावधगिरी. सत्तरीनंतर तहानेची जाणीव बोथट होते. 'तहान लागली की पितील' हा भरवसा चालत नाही, बायकांनी दिवसभरात सगळी पेयं मिळून १.६ लिटर, पुरुषांनी २ लिटर हे धोरण ठेवा. पण हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून सांगितलेलं असेल तर तो आकडा वरचढ, आणि मग इसबगोल मुळात योग्य आहे का हेही विचारा. अशा वेळी मॅक्रोगॉल किंवा लॅक्ट्युलोज ही मळ मऊ करणारी औषधं हे पर्याय असतात. लॅक्ट्युलोज मोठ्या आतड्यात आंबतं, म्हणजे तेही एक प्रीबायोटिकच आहे. मधुमेह असेल तर त्याच्या सिरपमधल्या किंचित साखरेची डॉक्टरांना कल्पना द्या.

---

मज्जातंतू:

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण याच जागी दोन्ही टोकांची विधानं ऐकू येतात.

आतडं आणि मेंदू यांचं नातं खरं आहे. मेंदूपासून पोटापर्यंत जाणारा व्हेगस मज्जातंतू, प्रतिकारयंत्रणा आणि जीवाणूंनी बनवलेली रसायनं अशा तीन वाटांनी ते चालतं. पण 'शरीरातलं ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात बनतं, म्हणून पोट साफ तर मन प्रसन्न' हा निष्कर्ष चुकीचा आहे. आतड्यातलं सेरोटोनिन रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा ओलांडत नाही. ते तिथे आतड्याची हालचाल चालवतं. मेंदू आपलं सेरोटोनिन स्वतः, ट्रिप्टोफॅन या अन्नातल्या प्रथिनांच्या घटकापासून बनवतो.

ज्येष्ठांमध्ये नेमकं काय तपासलं गेलंय? लंडनच्या किंग्ज कॉलेजचा जुळ्यांवरचा प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. साठीपुढच्या जुळ्यांच्या ३६ जोड्या, १२ आठवडे. प्रत्येक जोडीतल्या एकाला रोज ७.५ ग्रॅम प्रीबायोटिक (इन्युलिन आणि एफओएस), दुसऱ्याला तशीच दिसणारी निष्क्रिय पूड. प्रथिनांचा पूरक आणि स्नायूंचा व्यायाम दोघांनाही. मुख्य प्रश्न होता खुर्चीतून उठण्याचा वेग सुधारतो का, त्यात फरक पडला नाही. पण बायफिडोबॅक्टेरियम वाढले आणि आकलनाच्या चाचण्यांमध्ये, विशेषतः कोणती आकृती कोणत्या चौकटीत होती हे लक्षात ठेवण्याच्या चाचणीत, प्रीबायोटिक घेणाऱ्यांच्या चुका कमी झाल्या. आशा वाटावी असा निकाल आहे. तरीही लक्षात घ्या, माणसं ७२, काळ तीन महिने, आणि सगळी बऱ्यापैकी धडधाकट. स्मृतिभ्रंश थांबतो असं त्यातून निघत नाही.

उदासीबद्दल पुरावा याहून पातळ आहे. २०१९ च्या एकत्रित विश्लेषणात नैराश्य आणि चिंता यांवर निव्वळ प्रीबायोटिकचा परिणाम निष्क्रिय पुडीपेक्षा वेगळा दिसला नाही.

जीवनसत्त्वांचं चित्र थोडं वेगळं. अमेरिकेतल्या कॉसमॉस-माइंड या अभ्यासात (२०२२) ६५ वर्षांवरच्या २,२६२ जणांना तीन वर्षं रोज मल्टीव्हिटॅमिन किंवा निष्क्रिय गोळी दिली. मल्टीव्हिटॅमिन गटाचं एकूण आकलन थोडं बरं राहिलं, हृदयविकाराचा इतिहास असलेल्यांमध्ये जास्त. याच मोठ्या प्रयोगाच्या आणखी दोन उपअभ्यासांतही स्मरणाच्या बाबतीत त्याच दिशेचा निकाल आला. फरक लहान आहे, घरच्यांच्या नजरेत भरेलच असं नाही. डी जीवनसत्त्वाबद्दल मात्र उत्तर स्वच्छ आहे: पन्नाशीपुढच्या १८,३५३ जणांना सरासरी पाच वर्षांहून जास्त काळ रोज २,००० आय. यू. दिल्यावरही नैराश्याचं प्रमाण किंवा मनःस्थितीचे गुण बदलले नाहीत (२०२०). कमतरता असेल तर डी हाडांसाठी आणि स्नायूंसाठी द्यावंच. उदासीवरचं औषध म्हणून देऊ नये.

बी गटाबद्दल ऑक्सफर्डचा व्हिटाकॉग अभ्यास (२०१०) सगळ्यात बोलका. सत्तरीपुढची, सौम्य विसराळूपणा असलेली माणसं. दोन वर्षं रोज फोलिक अ‍ॅसिड ०.८ मिलिग्रॅम, बी१२ ०.५ मिलिग्रॅम, बी६ २० मिलिग्रॅम. मेंदू आक्रसण्याचा वेग वर्षाला १.०८ टक्क्यांऐवजी ०.७६ टक्के राहिला, आणि खरा फायदा झाला तो ज्यांचं होमोसिस्टीन (बी जीवनसत्त्वं कमी पडली की रक्तात वाढणारा घटक) आधीपासून वाढलेलं होतं त्यांना. कमतरता भरून काढली की फळ मिळतं, भरलेल्या हंड्यात ओतत राहून मिळत नाही. उतारवयातल्या जीवनसत्त्वांबद्दल मला जे काही म्हणायचं आहे ते एवढंच.

म्हणून आजींसाठी तपासण्या: हिमोग्लोबिन आणि एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार), बी१२, फोलेट, टीएसएच (थायरॉइडसाठी), सोडियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), डी, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर). बी१२ २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरखाली असेल तर कमतरता धरतात. २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा, तिथे मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिड किंवा होमोसिस्टीन पाहून ठरवतात. हिमोग्लोबिन ठीक आहे म्हणून बी१२ ठीक असेल असं समजू नका. मज्जातंतूंची लक्षणं, म्हणजे पायांत मुंग्या, तोल जाणं, विस्मरण, रक्तक्षय नसतानाही येतात. फोलिक अ‍ॅसिड एकटं देण्यातला धोका हाच आहे: रक्त सुधारतं, आत मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

मल्टीव्हिटॅमिनमधलं बी१२ पुरतं का? ते कारणावर अवलंबून. गोळीतलं बी१२ मोकळं असतं, त्याला आम्ल लागत नाही, म्हणून नुसत्या ओमेप्राझोलमुळे तूट असेल तर छोटी मात्राही कामी येते. पण शोषणाची मुख्य वाट एका वेळी दीड ते दोन मायक्रोग्रॅमच घेते. ती वाटच बिघडली असेल तर उरतो फक्त थेट झिरपा, जेमतेम १ टक्का. २५ मायक्रोग्रॅमच्या गोळीतून मग पाव मायक्रोग्रॅम मिळतं आणि रोजची गरज आहे २.४. म्हणून १,००० मायक्रोग्रॅमची गोळी देतात, तिच्यातून १० मायक्रोग्रॅम आत जातं. मज्जातंतूंची लक्षणं असतील तर आधी इंजेक्शन. रक्त सहा-आठ आठवड्यांत सावरतं, स्मरण आणि मुंग्यांना तीन ते सहा महिने द्या. कमतरता जुनी असेल तर सगळंच परत येत नाही, म्हणून उशीर नको.

एक शंका हमखास येते: आतड्यातले जीवाणूच बी१२ बनवतात ना, मग प्रीबायोटिकने ते वाढणार नाही का? जीवाणू बनवतात, पण मोठ्या आतड्यात. आपलं शोषण होतं त्याआधी, लहान आतड्याच्या टोकाशी. माल येतो तो बाजार उठल्यावर. उलट लहान आतड्यात जीवाणू भलतेच वाढले तर ते आपल्याच वाट्याचं बी१२ खातात.

---

सकाळची_उन्हं:

मनःस्थितीबद्दल थोडं जोडते. गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइडने, म्हणजे जीओएसने, सकाळचं कॉर्टिसोल (ताणाचं संप्रेरक) कमी झाल्याचा ऑक्सफर्डचाच एक अभ्यास आहे, ५.५ ग्रॅम, तीन आठवडे. मग इन्युलिनऐवजी जीओएस बरं नाही का?

---

मज्जातंतू:

तो २०१५ चा, ४५ निरोगी तरुणांवरचा अभ्यास. त्यात एफओएसने तो परिणाम दिसला नाही, जीओएसने दिसला, हे बरोबर आहे. पण तरुणांचं कॉर्टिसोल आणि ७६ वर्षांच्या माणसाची सहा महिन्यांची उदासी यांत फार अंतर आहे. पोटाला जीओएस सोसत असेल तर खुशाल निवडा, फक्त उदासीसाठी तपासणी आणि उपचार त्यापायी लांबवू नका. १५ प्रश्नांची ज्येष्ठांची नैराश्य मापनपट्टी दहा मिनिटांत भरून होते. ५ पेक्षा जास्त गुण आले तर डॉक्टरांकडे. 'वय झालं की असंच वाटतं' हे खरं नाही.

---

देखभाल_दिवसरात्र:

सगळ्यांचे आभार. गुंगीच्या गोळीचं लक्षातच आलं नव्हतं. एक सांगायचं राहिलं: मध्येच दोन-तीन दिवस अगदी पातळ होतं, कपड्यांना लागतं, पोचेपर्यंत थांबत नाही. तेव्हा सारक (पोट साफ व्हायचं औषध) बंद केलं जातं. मग पुन्हा चार दिवस काहीच नाही. हे मेटफॉर्मिनमुळे असेल का? आणि अशा दिवसांत पूड चालू ठेवायची की नाही?

---

औषधखिडकी:

मेटफॉर्मिनमुळे जुलाब होतात, पण दहा वर्षं सोसलेल्या मात्रेत असा फेर सहसा दिसत नाही. तुम्ही लिहिलेलं चित्र वेगळं आहे. पूड, इसबगोल, काहीही सुरू करू नका. आहारवही, तुम्हालाही हेच वाटतंय का?

---

आहारवही:

हो, आणि वरचा माझा सगळा क्रम तूर्त बाजूला ठेवा.

गुदाशयात मळाचा कठीण गोळा बसला की वरचा पातळ मळ त्याच्या कडेने वाट काढून झिरपतो. दिसायला जुलाब, आत मात्र तुंबलेलं. घरचे सारक थांबवतात, काही जण जुलाब थांबवायची गोळी देतात, आणि गोळा आणखी घट्ट होतो. वर इसबगोल दिलं तर ते गोळ्याच्या मागे फुगतं. हे ओळखायच्या खुणा: नकळत डाग पडणं, थोडं थोडं आणि वारंवार होणं, होऊनही पोट मोकळं न वाटणं, खालच्या पोटात फुगीर घट्टपणा, लघवी अडणं. वयस्कर माणसात कधी कधी पोट दुखतही नाही, फक्त जेवण कमी होतं आणि चिडचिड किंवा गोंधळ वाढतो. आजींचं जेवण कमी होण्याशी याचा संबंध असू शकतो.

डॉक्टर बोटाने तपासतात, दोन मिनिटांचं काम आहे. संकोचामुळे हीच तपासणी टाळली जाते. गोळा सापडला तर आधी मोकळं करतात, एनिमा किंवा मोठ्या मात्रेत मॅक्रोगॉल देऊन. त्यानंतर काही आठवडे मॅक्रोगॉल रोजच्या छोट्या मात्रेत चालू ठेवतात, नाहीतर पुन्हा तुंबतं. तंतूंची पूड त्यापुढची पायरी, मळ सलग दोन आठवडे केळ्यासारखा मऊ आणि सलग येऊ लागल्यावर.

तपासणीला जाताना मळात रक्त किंवा डांबरासारखा काळेपणा, उतरलेलं वजन, कमी हिमोग्लोबिन यांपैकी काही असेल तर तेही सांगा. या वयात पोटाची सवय नव्याने बदलली असेल तर आतड्याची सविस्तर तपासणी लागू शकते.

शौचाची बैठकही बदला. नाश्त्यानंतर वीस-तीस मिनिटांनी मोठं आतडं आपसूक हलतं, ती वेळ साधायची. पायाखाली सुमारे २० सेंटिमीटर उंचीचं स्टूल, गुडघे कमरेच्या वर, कोपर मांड्यांवर. दहा मिनिटांहून जास्त बसवू नका, कुंथू देऊ नका.

---

मज्जातंतू:

दोन गोष्टी, दोन्ही आत्ताच्या आत्ता बघण्याच्या.

डी जीवनसत्त्वाची आठवड्यातून एकदा घ्यायची मोठी गोळी घरात आहे का, आणि ती चुकून रोज घेतली जातेय का? कॅल्शियमच्या गोळीच्या जोडीला असं झालं तर रक्तातलं कॅल्शियम चढतं. त्याची लक्षणं: बद्धकोष्ठता, भूक मरणं, सारखी तहान आणि लघवी, उदासी, गोंधळ. म्हणजे तुमच्या पहिल्या पोस्टमधली निम्मी यादी. सत्तरीपुढे रोज ८०० आय. यू. पुरतं, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ४,००० च्या वर जाऊ नये. मल्टीव्हिटॅमिन, कॅल्शियमची गोळी आणि डीची गोळी या तिन्हींतलं डी एकत्र मोजा, कॅल्शियमच्या बऱ्याच गोळ्यांत ते आधीच घातलेलं असतं. तसंच बी६. मज्जातंतूंच्या ताकदीसाठी म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांत ते भरपूर असतं आणि महिनोन् महिने जास्त घेतलं तर त्यानेच पायांत मुंग्या आणि बधिरपणा येतो. युरोपातली वरची मर्यादा आता दिवसाला १२ मिलिग्रॅम आहे.

दुसरं, गोंधळ काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत एकाएकी वाढला, दिवसात कमी-जास्त होत राहिला, झोपाळू झाल्या किंवा नसलेलं दिसू लागलं तर तो साधा विसराळूपणा नव्हे. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

आणि रक्त द्यायला जाण्याआधी केस-नखांसाठीची बायोटिनची गोळी चालू असेल तर दोन-तीन दिवस आधी बंद करा आणि तसं प्रयोगशाळेत सांगा. ५-१० मिलिग्रॅम बायोटिनने टीएसएचचा आकडा खोटा कमी येऊ शकतो, आणि मग थायरॉइडची चांगली चाललेली मात्रा विनाकारण बदलली जाते.

---

देखभाल_दिवसरात्र:

डीची आठवड्याची पाकिटं आहेत, डब्यात रोजच्या गोळ्यांबरोबरच ठेवलेली. किती गेली ते आत्ता मोजतो. उद्या सकाळी आजींना तपासायला नेतो, सगळ्या गोळ्या मूळ पाकिटांसकट बरोबर घेऊन.

---

औषधखिडकी:

पाकिटांवरची खरेदीची तारीख आणि उरलेल्या गोळ्यांची संख्या कागदावर लिहून न्या. डॉक्टरांना कॅल्शियम आणि क्रिएटिनिन त्याच दिवशी बघायला सांगा. निकाल हातात येईपर्यंत डी आणि कॅल्शियम दोन्ही थांबवायचं का, ते उद्याची वाट न पाहता आजच फोन करून विचारा. थायरॉइडची गोळी मात्र चुकवू नका.